गळ्यावर बोट

रक्त काढणाऱ्या मुलीने बाही वर सरकवली आणि तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेलं त्याच्या स्वतःच्या धाकट्या भावाचं तोंड त्याला दिसलं. नुसता चेहरा असता तर कदाचित नजर चुकवता आली असती. पण गोंदणाऱ्याने चेहरा असा काढलाच नव्हता. कपाळ, डोळे सगळं केसांच्या सावलीत सोडून दिलं होतं आणि उरलं होतं ते फक्त तोंड, आ वासलेलं, आत काळोख, वरच्या ओळीत एक दात किंचित पुढे आलेला. तो दात ओळखीचा होता. वडिलांचा दात तो, दोघा भावांना सारखाच मिळालेला. त्याच्यापायी हा स्वतः आयुष्यभर फोटोत ओठ मिटून उभा राहिला होता. "काका, मूठ घट्ट करा," मुलगी म्हणाली. त्याने केली. "अजून. शीर लपून बसलीय तुमची." ती दोन बोटांनी त्याच्या हातावर टिचक्या मारत राहिली आणि प्रत्येक टिचकीसरशी तिच्या हातावरचं ते तोंड हलायचं, त्याच्याशीच काही बोलू पाहत असल्यासारखं. "हा कोण?" त्याने विचारलं. विचारायची काही गरज नव्हती. "हा भोंगा. तुम्ही नसेल ऐकला. मेटल गातो, आणि बेस गिटारही स्वतःच वाजवतो, दोन्ही एकदम. बाबा गेले माझे, तेव्हा ह्याच्याशिवाय दुसरं काही ऐकवत नव्हतं." मग त्याने आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो का विचारला हे त्याला नंतरही कळलं नाही. "गाण्यात शब्द काय असतात?" मुलीला शीर सापडली होती, सुई आत गेली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "शब्द नाही कळत काका. पण पाठ आहेत."

नळीत रक्त चढत होतं. त्याने तिकडे पाहिलं नाही. "सध्या आवाज गेलाय त्याचा," ती म्हणाली. "गाठ काढली घशातली. कुठं आहे कुणाला पत्ता नाही." आमच्या घरी आहे, पुढच्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसलाय, असं त्याला म्हणता आलं असतं. तेवढ्या एका वाक्याने ती मुलगी उठून उभी राहिली असती, कापसाचा बोळा हातातच राहिला असता, आणि त्याच्याकडे कुणीतरी पहिल्यांदाच डोळे भरून पाहिलं असतं. भावाच्या डॉक्टरीणबाईंनी कुणाला सांगू नका म्हटलं आहे, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि ते खरंही होतं. पण बाहेर रस्त्यावर आल्यावर, कोपरात बोळा दाबून धरून सिग्नलला उभा असताना, त्याला वाटलं की आपण सांगितलं नाही ते वेगळ्याच कारणाने. तिने डोळे भरून पाहिलं असतं ते त्याच्याकडे नव्हे. त्याच्या दाताकडे.

शब्द कळत नाहीत, पण पाठ आहेत. हे वाक्य घरापर्यंत त्याच्या मागे आलं. तो जन्मभर मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांचे शब्द छापायला जाण्याआधी धुऊन, पुसून, जागच्या जागी बसवून द्यायचे हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावरही जुन्या ओळखीने कुणी कुणी पानं पाठवत, आणि तो ती खिडकीपाशी बसून तपासत असे. स्वतःचे शब्दही त्याने लिहिले होते, म्हणजे कविता. एक पातळसं पुस्तक निघालं होतं, त्याच्या शिल्लक प्रती कपाटाच्या डोक्यावर होत्या. त्या कवितांत न कळण्याजोगं काहीही नव्हतं. एकाने परीक्षणात तसं लिहिलंही होतं, 'सुबोध'. आणि त्यातली एकही ओळ जगात कुणालाही पाठ नव्हती. खरं सांगायचं तर त्यालासुद्धा नव्हती, आणि कधी कधी त्याला वाटे की यातच सगळं आलं. ज्याच्या ओळी त्यालाच आठवत नाहीत त्याने इतरांवर रुसावं कशाला. पण रुसवा काही परवानगी मागून येत नाही. धाकटा मैदानात उभा राहून कुठल्यातरी विहिरीच्या तळातून काढलेला घोगरा आवाज फेकायचा, एक अक्षर धड ऐकू यायचं नाही, आणि समोरची हजारो माणसं तेच न ऐकू आलेलं अक्षर त्याच्याबरोबर म्हणायची. हे त्याने एकदाच, घरच्या टीव्हीवर, आवाज अगदी बारीक करून पाहिलं होतं. बारीक केल्यावर ते समुद्रासारखं वाटलं होतं. त्याने लगेच बंद केला.

भोंगा हे नाव आईने ठेवलेलं. वडिलांच्या कारखान्याचा भोंगा झाला की पाळण्यातलं पोर त्याच पट्टीत रडायला सुरुवात करायचं, आणि शेजारीपाजारी हसायचे, की पाळी नक्की कुठल्या भोंग्याने सुटली. हा थोरला तेव्हा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला असे. "माझा एक मुलगा बोलतच नाही, नि दुसरा थांबतच नाही," आई म्हणायची. त्यात तक्रार कुठल्या मुलाविषयी होती ते त्याला तेव्हाही कळायचं. शाळेच्या समारंभात एकदा त्याला कविता म्हणायची होती. महिनाभर तो ती घरात येरझारा घालत घोकत होता, आणि धाकटा टेबलाखाली पडून पेन्सिलीने टेबलाच्या पायावर ताल धरत ऐकत होता. समारंभाच्या दिवशी हा मंचावर गेला, तोंड उघडलं, आणि आत काही नव्हतंच. घसा एखाद्या रिकाम्या पाकिटासारखा. तेवढ्यात लहान मुलांच्या रांगेतून धाकटा उठला आणि त्याने ती कविता ठणाणा म्हणून टाकली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अर्थ न कळता. सभागृह हसलं, मग टाळ्या. हा मंचावर तसाच उभा होता; टाळ्या आपल्या अंगावरून जाताना त्याला वाऱ्यासारख्या जाणवल्या. घरी जाताना धाकट्याने त्याचा हात धरला होता. "दादा, तू विसरलास म्हणून म्हटली," तो म्हणाला होता. त्यात कसलाही मतलब नव्हता. मतलब असता तर किती बरं झालं असतं.

दार उघडलं तेव्हा घरात तो आता ओळखीचा झालेला प्रकार चालू होता. बायको आणि धाकटा पत्ते खेळत होते, आणि धाकटा खुणांनी तिच्यावर लबाडीचा आरोप करत होता. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजणं उलट जास्त वाईट, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आपल्या घरी माणसांची रीघ लागते म्हणून धाकटा इथे येऊन राहिला होता. दोन महिन्यांनी त्याचा मैदानातला मोठा कार्यक्रम होता. "बघा ना, म्हणतात मी पान लपवलं," बायको त्याला म्हणाली. "मुका माणूस एवढं भांडतो हे मला माहीत नव्हतं." धाकट्याने छातीवर हात ठेवून डोळे फिरवले आणि ती हसली, डोकं मागे टाकलेलं, तोंडावर हात घ्यायला विसरलेलं हसू. इतक्या वर्षांत ते तिने कुठे ठेवलं होतं याचा तो विचार करत चपला काढत राहिला. रात्री जेवताना त्याने जरा धीर करून म्हटलं, "मी घरात असतो तेव्हा तू पत्ते खेळत नाहीस कधी." "तुम्ही घरात असता तेव्हा पानावरून डोकं कुठे काढता?" ती म्हणाली. मग भांडी उचलता उचलता, रागाने नव्हे, उलट कौतुकाने, की नेमकं कशाने कोण जाणे, "भाऊजी मुके आहेत, तरी घरात कुणी आहेसं वाटतं." त्याने पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे ओठाला लावल्यावर कळलं.

दुपारी धाकटा बेस काढायचा. आवाज मोठा करणारा अँप त्याने आणला नव्हता, आणि त्या जाड तारा अँपशिवाय जेमतेम पुटपुटतात. पण तो गिटार उभी धरून तिच्या वरच्या शिंगाला, लाकडाच्या त्या पुढे आलेल्या टोकाला, जबडा लावून बसे, दातांच्या मुळाशी, डोळे मिटून. मग हाडांतून सगळं ऐकू येतं, असं तो खुणांनी सांगे. पहिल्यांदा त्याने ते दाखवायला दादाचा जबडा त्या लाकडाला टेकवला होता आणि एक तार छेडली होती, आणि याच्या कवटीत एक खोल, काळी, गुळगुळीत गोष्ट सरकत गेली होती, इतकी सुंदर की त्याने झटकन डोकं मागे घेतलं. "गुदगुल्या होतात," तो म्हणाला. त्यानंतर तो खिडकीपाशी आपली पानं घेऊन बसायचा आणि धाकटा समोर, शिंगाला चिकटलेला. खोलीत काही ऐकू यायचं नाही, फक्त बोटांची तारांवरची चटचट, जशी कुणी दूर उभं राहून सुपारी कातरावी. अशाच एका दुपारी त्याचं लक्ष धाकट्याच्या गळ्याकडे गेलं. कंठमणी वर जात होता, खाली येत होता. आवंढा गिळत असेल. पण आवंढा तालात गिळत नाहीत. दोन लहान हेलकावे, एक लांब, मग थांबा. पुन्हा दोन लहान. ओठ मिटलेले, चेहरा शांत, आणि आत गळा पूर्ण गाणं म्हणत होता, आवाजाशिवाय, स्नायू आवळून.

हे दुसऱ्या कुणाला दिसलंच नसतं. त्याला दिसलं कारण छापखान्यात पहिल्या दिवशी ज्याच्या हाताखाली तो लागला त्या म्हाताऱ्या शोधकाने त्याच्या गळ्यावर बोट ठेवून त्याला वाचायला लावलं होतं. "हलतोय," म्हातारा म्हणाला होता. "गळा हलला की गेलास. गळा काय असायला हवं ते म्हणतो, आणि डोळा त्याच्यावर विश्वास ठेवतो. चूक समोर असून दिसत नाही." वर्षभर तो गळ्यावर बोट ठेवून वाचत होता, गळा निजवून वाचायला शिकणं ही या धंद्याची मुंजच म्हणा. म्हणून त्याला मनातल्या मनात म्हणणं आणि गळ्यातल्या गळ्यात म्हणणं यातला फरक कळायचा. धाकट्याने तीस-पस्तीस वर्षं हात आणि गळा एकाच दोरीने बांधून घेतले होते. एक ओढला की दुसरा हलणारच. तो गप्प होता, वहिनी साक्षीला होती, डॉक्टरीणबाई निर्धास्त होत्या, आणि रोज दुपारी त्या ताज्या जखमेवर तासभर घासाघीस चालू होती. सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं. ते स्पष्ट, सुबोध वाक्य होतं. त्याने ते वाचलं आणि पान उलटलं.

त्या दिवशी सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आपल्याला नीट कळतं कुठे, आपण काय घशाचे डॉक्टर, उगाच घाबरवायचं कशाला. त्याची नेहमीची भीड यावेळी त्याच्या फार उपयोगी पडली. आयुष्यभर ज्या शंकेने त्याला कुठे बोलू दिलं नाही तिचीच आता त्याने ढाल केली, आणि ढाल करताना पाहिलंही की आपण करतो आहोत. घर बदललं होतं. जेवताना तोच बोलायचा. धाकटा मान हलवायचा. कविता, छापखाना, कुठल्या लेखकाने कुठे काय घोळ घातला होता, हे सगळं तो बोलत सुटायचा, आणि समोर तो प्रसिद्ध चेहरा मुकाट, लक्ष देऊन ऐकायचा. त्याचं बोलणं असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आणि एका दुपारी धाकट्याने कंटाळून गिटार खाली ठेवली तेव्हा यानेच पानांवरून डोकं काढून म्हटलं, "थांबलास का? ते जुनं वाजव ना. ते फार जलद आहे ते." धाकट्याचा चेहरा उजळला. दादाला आपलं गाणं माहीत आहे हेच त्याला नवीन होतं. त्याने शिंगाला जबडा लावला, आणि कंठमणी पिंजऱ्यातल्या उंदरासारखा धावू लागला. हा पाहत राहिला. पोटात काहीतरी गोड, आंबूस पसरत होतं. त्याला त्याचं नाव माहीत होतं, नुसतं उच्चारायचं नव्हतं.

तपासणीला तिघे गेले. डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर धाकट्याचा घसा आला. लालसर भिंती, आणि मधोमध दोन पांढुरक्या पट्ट्या, एवढ्याशा, नखाच्या काठाएवढ्या. एवढ्यासाठी. मैदानं, टाळ्या, मुलीच्या हातावरचं गोंदण, आईचं कौतुक, सगळं या दोन चिंध्यांच्या जोरावर. एका पट्टीची कड सुजलेली, लाल. "सूज उतरायला हवी होती," बाई म्हणाल्या. "घरी बोलतात का हे?" "एक अक्षर नाही हो," बायको म्हणाली. "मी चोवीस तास समोर असते." "मग? खोकला, हसणं? झोपेत?" धाकटा भेदरून मान हलवत होता, नळी नाकात तशीच. "हे असंच राहिलं तर गाणं विसरा," बाई म्हणाल्या, "बोलणंही फाटकंच राहील. अजून पंधरा दिवस देते." मग त्या याच्याकडे वळल्या. "तुम्ही मोठे ना? तुमच्या काही नजरेस आलंय का?" पडद्यावर त्या दोन पट्ट्या थरथरत होत्या. "नाही," तो म्हणाला. आवाज स्वच्छ आला, कधी नव्हे इतका.

घरी आल्यावर तो पानं घेऊन बसला, आणि त्याला वाचता येईना. ओळ संपायची आणि काही कळलेलं नसायचं. त्याला आधी वाटलं, मन खातंय. बरं वाटलं त्याला, निदान मन आहे. पण नीट पाहता ते तसं नव्हतं. भावाचा कळवळा येऊन जीव तुटत होता म्हणावं, तर तसंही नाही. पत्त्यांचा आवाज आला की आत अजून तेच आंबूस हलत होतं. सतावत होतं ते निराळंच. चूक दिसली होती आणि समासात खूण केली नव्हती. उभ्या जन्मात त्याने असं केलं नव्हतं. ज्या लेखकांचा त्याला राग यायचा, ज्यांची पुस्तकं वाईट आहेत हे त्याला पहिल्या पानावर कळायचं, त्यांच्यासुद्धा चुका त्याने सोडल्या नव्हत्या. कितीदा वाटलं होतं, राहू दे, होऊ दे फजिती, आणि पेन आपोआप खाली गेलं होतं. तेवढंच काय ते त्याच्यापाशी होतं. आणि आता ती एक न खुणावलेली चूक समोरच्या खुर्चीत बसून रोज दुपारी तालात वरखाली होत होती. शेवटी तो उठला तो चांगुलपणाने नव्हे. खाज सुटल्यावर हात जातो तसा उठला.

धाकटा वाजवत होता. याने जवळ जाऊन त्याच्या गळ्यावर बोट ठेवलं. धाकटा दचकला, ते एकमेकांना सहसा हात लावत नसत. "वाजव," हा म्हणाला. बोटाखाली तो गरम, जिवंत मणी उसळला. "हे बघ. हा हलतोय. तू म्हणतोयस." धाकट्याने मान हलवली, नाही. याने त्याचंच बोट धरून तिथे ठेवलं आणि एका हाताने वाजवता येईना तेव्हा मोकळ्या हाताने नुसत्या तारा दाबायला सांगितल्या. तेवढ्यानेही गळा हलला. धाकट्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना त्याने पाहिला. मग धाकट्याने गळा थोपवून वाजवायचा प्रयत्न केला, आणि दोन ओळींतच बोटं अडखळली, पुन्हा अडखळली. ज्या बोटांसाठी पोरं रस्त्यावर रांगा लावायची ती नवशिक्यासारखी तारांवर धडपडत होती. गळ्याशिवाय हातांना काही येतच नव्हतं. दारात बायको उभी होती. "काय केलंत त्यांना?" ती म्हणाली. "काही नाही," तो म्हणाला. "गळा हलतो याचा वाजवताना. म्हणून सूज." ती उंबऱ्यातून आत आली. "तुम्हाला कधी दिसलं?" "आत्ता," तो म्हणाला. धाकट्याने वर पाहिलं. ते जुनं, जलद गाणं वाजव म्हणून कुणी सांगितलं होतं हे त्याला आठवत असावं, किंवा नसावंही. त्या नजरेत काय होतं ते याला तेव्हाही वाचता आलं नाही, आणि एरवी तो वाचण्यात हुशार होता.

कार्यक्रम सोडायचा नव्हता, आणि हातांनी वाजवणं विसरून चालणार नव्हतं. धाकट्याने फोनवर गाण्याचे शब्द काढून त्याच्यापुढे धरले आणि त्याच्या छातीवर बोट टेकवलं. तू म्हण. "मी?" तो म्हणाला. "मला गाता येत नाही." धाकट्याने खांदे उडवले. मलाही. बायको हसली. तर मग रोज दुपारी तो एका हाताचं बोट धाकट्याच्या गळ्यावर ठेवून, दुसऱ्या हातात फोन धरून ते शब्द वाचू लागला, छापखान्यात जोडीदाराला मूळ प्रत वाचून दाखवायचा तसे, सपाट, सावकाश, सवयीने 'स्वल्पविराम' आणि 'नवी ओळ' यांसकट. धाकट्याचा गळा हसू दाबताना फुगायचा आणि हा रागवायचा, "हलू नकोस." पण दुसऱ्याचा आवाज बाहेरून मिळाल्यावर गळा हळूहळू निजला. बोटं धावू लागली. शब्द, वाचून पाहिले तर, बरे होते. दोनचार ठिकाणी तर फारच बरे होते, आणि ते त्याला औषधाच्या घोटासारखे गिळावे लागले. कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाविषयी एक ओळ होती, ती त्याने आपल्या कवितेत लिहायला हवी होती. ती वाचताना त्याचा आवाज मोठा व्हायचा, आणि एकदा तो चक्क ओरडला. धाकट्याने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, मान डोलावली, जशी तो आपल्या ढोलवाल्याकडे बघून डोलावत असेल. त्या पंधरा दिवसांत तो झोपेतून लवकर उठायचा. दुपार व्हायची वाट बघायचा. तपासणीचा दिवस जवळ आला तेव्हा त्याला चोरट्यासारखं वाटलं की अजून थोडी सूज राहिली तर बरं.

सूज उतरली होती. "आता रोज थोडं थोडं बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हळू, साधं, ताण न देता. ते डरकाळ्या फोडणं सावकाश येईल." गाडीत धाकटा स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून बसला, घाबरला असावा. घरी बायको आत गेली, आणि हे दोघे पुढच्या खोलीत बसले, हा खिडकीपाशी, तो खुर्चीत. बऱ्याच वेळाने धाकट्याने घसा न खाकरता, अगदी जपून म्हटलं, "पाणी मिळेल का?"

तो आवाज ऐकून याने चटकन मान वर केली. घोगरेपणा गेला होता, तीस वर्षं घासून चढवलेला सगळा थर गेला होता, आणि खाली जे उरलं होतं ते पातळ, कोरडं, किंचित नाकातलं, शेवटी खाली पडणारं. त्याचा स्वतःचा आवाज होता तो. हुबेहूब. आतून बायकोचं उत्तर आलं, "हात आहेत ना? घ्या की उठून." कंटाळलेलं, सवयीचं, कित्येक वर्षांचं उत्तर. ते बाहेरून ऐकण्याची त्याची पहिलीच वेळ. धाकटा त्याच्याकडे पाहत होता, ओशाळून, त्याच्याच आवाजात काय म्हणावं ते न सुचून. मग बायको दारात आली, हात ओले, आणि तिने तोंडावर हात घेतला. "अगं बाई. भाऊजी, तुम्ही होय. मला वाटलं हे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती धावत आत गेली, पेला घेऊन आली, तो धाकट्याच्या हातात दिला आणि तो पीत असताना त्याच्या गळ्याकडे बघत उभी राहिली.

"मलाही दे थोडं," ती रिकामा पेला घेऊन आत निघाली तेव्हा खिडकीपाशी बसलेला तो म्हणाला.

ती वळली आणि तिने आधी धाकट्याकडे पाहिलं.